काट्याची साक्ष

आमच्या वडिलांची जुनी मोटार आजही आमच्या सातारच्या घरीं पत्र्याच्या छपराखालीं उभी आहे. तिच्या डॅशबोर्डावर ज्या तबकड्या आहेत, त्यांपैकीं दोन तबकड्यांनीं आमच्या घरास दोन वेळां खालीं पाहावयास लावलें. एक तबकडी पेट्रोलची आणि दुसरी इंजिनांतील ऑइलच्या दाबाची. पहिलीवर विश्वास ठेवून वडिलांनीं एका प्रामाणिक माणसाचा अपमान केला. पुढें कांहीं वर्षांनीं दुसरीवर अविश्वास दाखवून आम्हीं इंजिन गमावलें. आमचा अध्यापनाचा विषय इतिहास. खऱ्याखोट्या पुराव्याची पारख कशी करावी हें आम्ही वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों; परंतु अंगणांत उभ्या असलेल्या या दोन साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. त्या चुकीची थोडीशी भरपाई म्हणून आम्हीं या काट्यांचा पूर्वेतिहास धुंडाळला. तो वाचकांपुढें ठेवण्याचा आज विचार आहे.

प्रथम पहिली हकीकत. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. वडील डॉक्टर, आसपासच्या गांवीं रोगी पाहण्यास त्यांस रोज जावें लागे, आणि मोटार चालविण्यास त्यांनीं एक ड्रायव्हर ठेविला होता. पेट्रोल भरून आणण्याचें काम त्याच्याकडेच असे. एके सायंकाळीं तो पंधरा लिटर पेट्रोल भरून आला. वडिलांनीं सहज किल्ली फिरवून पाहिलें, तों काटा पाव टाकीच्याही खालीं. त्यानें पावती पुढें केली. वडील म्हणाले, "पावती कोणीही लिहून देतो. काट्याला खोटें बोलून काय मिळायचें आहे?" त्या माणसानें वाद घातला नाहीं. "साहेब, घातलं तेवढं सांगितलं," इतकेंच बोलून त्यानें किल्ली ओट्यावर ठेविली आणि तो निघून गेला.

पंधरवड्यानें वडिलांनीं स्वतः पंपावर उभें राहून पेट्रोल भरविलें. काटा हलला नाहीं. पोवई नाक्यावरच्या एका मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें डिकी उघडली, टाकीवर बसविलेल्या युनिटाचा गंज पाहिला, आणि एक तारेचा तुकडा त्या युनिटापासून गाडीच्या खरवडलेल्या पत्र्यास जोडला. आंत बसलेल्या आम्हां मुलांच्या डोळ्यांदेखत काटा सावकाश वर चढूं लागला. "अर्थिंग गेलं होतं, डॉक्टर," मिस्त्री म्हणाला. वडिलांनीं त्याचे पैसे दिले आणि ते आंत निघून गेले. दुसऱ्या दिवशीं ते ड्रायव्हरच्या गांवीं जाऊन आले. त्यानें त्यांस चहा दिला, आदरानें बसवून घेतलें. परंतु तो पुन्हा कामावर आला नाहीं.

काट्याला खोटें बोलून काय मिळायचें आहे, हा वडिलांचा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड दिसतो. यंत्रास लोभ नाहीं, भय नाहीं, कोणाची भीडमुर्वत नाहीं. परंतु साक्षीदार चुकीचें सांगतो तो नेहमीं लोभानेंच सांगतो असें नाहीं. तो दुरून पाहतो, अर्धवट ऐकतो, किंवा त्याचा निरोप वाटेंत बिघडतो. डॅशबोर्डावरचा काटा टाकींत डोकावत नाहीं. त्याच्यापर्यंत जो निरोप पोंचतो, तेवढाच तो आपणांस कळवितो. हा निरोप्या मोटार आणि मनुष्य यांच्यामध्यें केव्हां आणि कसा येऊन बसला, हाच या लेखाचा विषय होय.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोडागाडीच्या पुढील बाजूस, घोड्यांच्या टापांनीं उडणारा चिखल व खडे बसणारांच्या अंगावर येऊं नयेत म्हणून जी आडवी फळी लावीत, तिचें तें नांव. मोटार आली, घोडे गेले, फळीचें नांव मात्र राहिलें. आरंभीं या फळीवर सांगण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती. तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती रस्त्यावर आल्या. तीस ना पेट्रोलचा काटा होता, ना ऑइलचा. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखालीं. चालकानें खालीं उतरावें, गादी उचलावी, झांकण काढून खुणा केलेली लांकडी पट्टी आंत बुडवावी आणि ती किती भिजली तें पाहावें. ऑइल पाहावयाचें तर मोटारीखालीं शिरून इंजिनाच्या तळच्या दोन लहान तोट्या फिरवाव्या. वरच्या तोटींतून ऑइल आलें नाहीं आणि खालच्या तोटींतून आलें, म्हणजे पातळी दोहोंच्या मध्यें आहे असें समजावें. ऑइल दाबानें पाठविणारा पंप त्या इंजिनांत नव्हता. फिरणाऱ्या भागांनीं उडविलेल्या शिंतोड्यांवर सारें काम चाले. सबब दाब मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

त्या काळच्या दुसऱ्या कित्येक मोटारींत ऑइल थेंबाथेंबानें बेअरिंगपर्यंत जाई आणि ते थेंब कांचेच्या लहान नळ्यांतून पडतांना चालकास समोर दिसत. दोन्ही रीतींत गैरसोय पुष्कळ होती. चढावर इंजिन ओढीत असतां थेंब कोण मोजणार आणि पावसांत गादी कोण उचलणार! तथापि त्यांत एक गुण होता. मनुष्य प्रत्यक्ष वस्तु पाहत होता. लांकडी पट्टीचा ओला भाग म्हणजे पेट्रोलच. त्याच्याविषयीं कोणी तिसऱ्यानें सांगितलेली बातमी नव्हे.

पुढें इंजिनें जोरकस झालीं. पंपानें ऑइल ढकलून तें बारीक वाटांनीं प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोंचविणें अवश्य झालें. हें ऑइल आंतल्या आंत फिरतें. तें डोळ्यांस दिसण्याचा मार्ग राहिला नाहीं. तेव्हां चालकापुढें दाबाचा काटा आला. हा काटा मोटारीकरितां शोधून काढावा लागला नाहीं. तो वाफेच्या युगानें तयारच करून ठेविला होता.

बॉयलरांतील वाफेचा दाब कळणें हा एकोणिसाव्या शतकांत जीवनमरणाचा प्रश्न होता. पाऱ्याच्या नळीनें दाब मोजतां येई. परंतु वातावरणाच्या एका दाबास सुमारें तीस इंच पारा लागतो. चौरस इंचास शंभर पौंड दाब मोजावयाचा म्हटला तर जवळजवळ सतरा फूट उंचीची नळी उभारावी लागेल. धांवत्या रेल्वे-इंजिनावर ती कोठें बसवावी? ही अडचण पॅरिसच्या युजेन बूर्दों या यंत्रज्ञानें सोडविली. वाफेच्या यंत्रासाठीं वळविलेली एक नळी काम करतांना चेपली गेली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून आंतून दाब दिला, तों नळीचें वेटोळें उलगडूं लागलें, असें सांगतात. दुसरा एखादा कारागीर नळी फुकट गेली म्हणून हळहळला असता. बूर्दोंनें त्यांत मापनयंत्र पाहिलें. १८४९ सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. चपटी नळी अर्धवर्तुळासारखी वाकवावी, एक टोंक बंद करावें, दुसऱ्या टोंकानें आंत दाब येऊं द्यावा. दाब वाढला कीं नळी सरळ होऊं पाहते, तिचें मोकळें टोंक किंचित् सरकतें, आणि तें सरकणें दांत्यांनीं मोठें करून काट्यास दिलें जातें. जुन्या मोटारींतील ऑइलच्या काट्यामागें बहुधा हीच वांकडी नळी असते, आणि इंजिनापासून तेथपर्यंत एका बारीक नळकांड्यांतून ऑइलचा दाब स्वतः चालत येतो. निरोप्या आला खरा, परंतु तो घटनास्थळींच्या वस्तूला हात धरून आणतो.

हा काटा काय सांगतो हें नीट समजून घेतलें पाहिजे. पंप ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या अरुंद फटींतून तें सुटण्यास अडथळा होतो. त्या अडथळ्यानें दाब उत्पन्न होतो. बेअरिंग झिजून फट रुंदावली कीं दाब उतरतो. ऑइल तापून पातळ झालें, तळांत कमी पडलें, पंप झिजला, किंवा जास्त दाब सोडून देणाऱ्या झडपेची स्प्रिंग ढिली झाली, तरीही दाब उतरतो. थंड सकाळीं घट्ट ऑइलानें काटा उंच चढतो म्हणून इंजिन निरोगी ठरत नाहीं. आणि तापलेलें इंजिन मंद फिरत असतां काटा बराच खालीं आला म्हणून तें मरणोन्मुखही ठरत नाहीं. शिवाय काटा जेथें जोडला आहे त्याच्या पुढची वाट कचऱ्यानें बुजली, तर काटा भरपूर दाब दाखवील आणि पलीकडचें बेअरिंग उपाशी मरेल. येथें काटा असत्य बोलत नसतो. आपण विचारलेल्या प्रश्नाहून निराळ्या प्रश्नाचें खरें उत्तर तो देत असतो.

पेट्रोलच्या काट्याची कुळकथा निराळी आहे. मॉडेल टी नंतर १९२७ सालीं आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए मोटारींत टाकी चालकाच्या पुढेंच, कांचेच्या खालच्या बाजूस असे, आणि टाकींतील तरंगणारा बूच थेट तबकडी फिरवी. टाकी मागें गेल्यावर ही सोय संपली, आणि वीज निरोप्या झाली. टाकींत एक तरंगता फ्लोट, त्यास दांडी, दांडीच्या टोंकाशीं कमीअधिक रोध दाखविणारी तारेची गुंडाळी. त्या रोधाप्रमाणें तारेंतून वाहणारा प्रवाह बदलतो आणि प्रवाहाप्रमाणें काटा. कांहींनीं हा काटाच लावला नाहीं. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीस १९६१ पर्यंत तो नव्हता. पेट्रोल संपत आलें कीं राखीव सांठ्याची कळ फिरवावयाची. पुण्याजवळ आकुर्डीस तयार झालेल्या बजाज स्कूटरी ज्यांनीं चालविल्या, त्यांस ही 'रिझर्व्ह'ची कळ आणि त्यानंतर स्कूटर आडवी करून उरलेले चार थेंब ओढून घेणें, हीं दोन्हीं आठवत असतील.

विजेच्या या निरोपांत बिघडण्याच्या जागा चार: फ्लोट, तार, तबकडी आणि अर्थिंग. चौघांस एकत्र विचारून उपयोग नाहीं. एकेकास बाजूस घ्यावें लागतें. आमच्या मोटारीच्या जातीच्या यंत्रणेंत टाकीवरची तार सोडवून, टाकीचें तोंड व पेट्रोलची वाफ यांपासून दूर, किल्ली बंद असतां ती स्वच्छ पत्र्यास जोडावी आणि मग क्षणभर किल्ली फिरवावी. काटा 'पूर्ण' कडे निघाला तर तार व तबकडी निर्दोष. गुन्हेगार टाकीच्या बाजूस शोधावा. काटा मुळींच हलला नाहीं तर टाकीच्या युनिटास हात लावण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील कित्येक मोटारींत याच्या नेमकें उलट घडतें. तार पत्र्यास लागली कीं काटा 'रिकामा' कडे जातो. म्हणजे साक्षीदाराची भाषा आधीं ठाऊक असावी लागते. आमच्या घरीं जें घडलें तें असें: युनिट आणि पत्रा यांमध्यें गंजाचा थर आला, त्या गंजाचा रोध खऱ्या रोधांत मिळाला, आणि आमच्या तबकडीनें वाढलेल्या रोधाचा अर्थ 'पेट्रोल कमी' असा केला.

याहून चमत्कारिक प्रकार दोन काटे एकमतानें चुकतात तेव्हांचा. १९५० नंतरच्या अनेक मोटारींत काटा हालविण्यास तापणारी दुहेरी धातूची पट्टी वापरूं लागले. ती सावकाश वांकते, म्हणून खड्ड्यांत पेट्रोल हिंदकळलें तरी काटा थरथरत नाहीं. परंतु तीस स्थिर दाबाची वीज लागते, आणि मोटारींतील वीज तर बारापासून चौदा व्होल्टपर्यंत चढतउतरत असते. म्हणून पाण्याच्या उष्णतेचा काटा आणि पेट्रोलचा काटा या दोहोंस मिळून एकच स्टॅबिलायझर देत. तो बिघडला कीं दोन्ही काटे एकदम चढतात; पाणी उकळतें आहे असें वाटतें आणि टाकीही तुडुंब भरली असें दिसतें. दोन साक्षीदारांचें एकमत झालें म्हणून भोळा न्यायाधीश खटला निकालांत काढील. शहाणा विचारील, या दोघांस पढविणारा एकच तर नाहीं ना? वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेंत बखरींतील चुका अस्सल पत्रांच्या आधारें दाखविल्या. एकीवरून दुसरी उतरलेल्या दोन बखरी म्हणजे दोन पुरावे नव्हेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यास स्टॅबिलायझराहून चांगला दृष्टांत आम्हांस अद्याप मिळालेला नाहीं.

आतां दुसरी हकीकत. खंबाटकीचा बोगदा होण्यापूर्वीं एकदां आम्ही तीच मोटार घेऊन पुण्यास निघालों होतों. घाट चढतांना ऑइलचा काटा उतरूं लागला आणि माथ्यावर तो जवळजवळ शून्यास टेंकला. आमच्या मनांत बाळपणचा तो प्रसंग रुतून बसलेला. 'हाही त्याचाच भाऊ,' असें म्हणून आम्ही तसेच पुढें गेलों. शिरवळच्या अलीकडे इंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले, आणि मोटार दोरानें बांधून आणावी लागली. तळाच्या बुचाचा वॉशर गळत होता. डिपस्टिकला ऑइल लागत नव्हतें. क्रँक-शाफ्टचीं बेअरिंग जळलीं होतीं. काट्यानें सत्य तेंच सांगितलें होतें. एकदां फसल्यावर सगळ्यांवरच अविश्वास धरणें ही परीक्षा नव्हे. तो आळसच, फक्त शहाणपणाचा वेष घेतलेला. घाटाच्या माथ्यावर इंजिन बंद करून डिपस्टिक ओढण्यास दोन मिनिटें लागलीं असतीं. तेथें ऑइल पुरेसें निघालें असतें, तर काट्याच्या जागीं खात्रीचा दुसरा दाबमापक जोडून पाहण्यापर्यंत मोटार हलवूं नये, हाच नियम होता.

या नियमांत दोन्ही काट्यांचा भेद दिसून येतो. पेट्रोलच्या काट्यावर शंका घेतली आणि ती चुकली, तर चार मैल पायीं चालावें लागतें. ऑइलच्या काट्यावर शंका घेतली आणि ती चुकली, तर इंजिन जातें. म्हणून ऑइलचा काटा पडला तर आधीं मानावें, थांबावें आणि मग तपासावें.

कारखानदारांनीं हा भेद ओळखून पुढें एक सोपा मार्ग काढला. अमेरिकेंतील हडसन कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत काट्याऐवजीं दिवे लावण्यास आरंभ केला. दाब एका ठराविक, फारच थोड्या मर्यादेखालीं गेला कीं तांबडा दिवा पेटतो. इंग्रजींत यास थट्टेनें 'मूर्खाचा दिवा' म्हणतात. थट्टा अन्यायाची आहे. काट्याकडे न पाहणाराचेंही इंजिन त्यानें वांचविलें असेल. परंतु काटा हळूहळू उतरत गेल्याची जी कहाणी सांगतो, ती दिवा सांगत नाहीं. तो शेवटचें वाक्य तेवढें ओरडतो. त्याही पुढें, १९८० नंतर कांहीं मोटारींत तबकडीवर काटा दिसे खरा, पण त्याच्या मागें दिव्याचाच स्विच असे. थोडासा दाब असला कीं काटा मध्यावर जाऊन स्वस्थ बसावयाचा. चढउतार दिसला कीं गिऱ्हाइकें तक्रार करीत, म्हणून चढउतारच काढून टाकला. असा काटा म्हणजे पत्राचें रूप घेतलेली बखर होय.

मग काठीकडे परत जावें काय? तिचाही एक इतिहास आहे. २३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक बंद होते, म्हणून टाक्यांची पातळी हातानें मोजण्यांत आली. माप बरोबर आलें; परंतु लिटरांचें वजन काढतांना किलोग्रॅमांऐवजीं पौंडांचा गुणक वापरला गेला. लागणारें इंधन २२,३०० किलोग्रॅम. विमानांत होतें २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एक्केचाळीस हजार फुटांवर इंजिनें बंद पडलीं, आणि वैमानिकांनीं तें तरंगत आणून मॅनिटोबांतील गिम्ली येथील जुन्या विमानतळावर उतरविलें. ६९ माणसें वांचलीं. प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूचाही अर्थ मनुष्यच लावतो, आणि तेथेंही चूक होऊं शकते, एवढेंच यावरून घ्यावयाचें.

मोटारीची गोष्ट येथें पुरी होते. वडिलांची होत नाहीं. काट्याची परीक्षा करण्यास एक तारेचा तुकडा आणि पांच मिनिटें पुरलीं असतीं, हें त्यांस त्या दिवशीं मिस्त्रीनें दाखविलें. ती परीक्षा आधीं कां झाली नाहीं? काटा चुकल्याचा भुर्दंड त्यांस पडणार नव्हता, तो दुसऱ्यास पडणार होता, हेंच त्याचें खरें कारण असें आम्हांस वाटतें. स्वतःचें इंजिन जाणार असतें, तर त्यांनीं दहा वेळां तपासून पाहिलें असतें. साक्ष किती कसून तपासावी याचें माप, ती चुकल्यास कोणाचें नुकसान होणार, यावरून ठरविलें पाहिजे. आणि नुकसान परक्याचें असेल तेव्हां अधिक कसून तपासावी. हें आम्ही वर्गांत शिकवितों. शिकलों मात्र डिकींतल्या त्या गंजापासून.

वडील आज हयात नाहींत. मोटारीचें इंजिन आम्हीं पुढें नवें बांधून घेतलें. टाकीवरच्या युनिटास मिस्त्रीनें लावलेला तो तारेचा तुकडा मात्र काढलेला नाहीं. पेट्रोल भरल्यावर आम्ही काट्याकडे पाहतों, पावतीकडे पाहतों, आणि मग पट्टी बुडवून पाहतों. तिघांचें जुळलें म्हणजे निघतों.